चौथ्या ओळीचा पगार

माझा धंदा पगार ठरवण्याचा. कुणाला नोकरीवर घ्यायचं आणि कुणाला काढायचं हे माझ्या हातात नसतं. अमुक एका कामाला बाजारभावाने किती द्यावेत, तो आकडा मी काढते. गेली बावीस वर्षं टोरांटोच्या आसपासच्या निरनिराळ्या कंपन्यांत हेच चाललं आहे. मंडळाच्या संक्रांतीला ही गोष्ट कुणाला कळली, की तिळगूळ हातात पडायच्या आधी प्रश्न येतो, "अहो, मग मी किती मागू?"

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की किंमत खुर्चीची काढायची, खुर्चीत बसलेल्या माणसाची काढायची नाही. कामाचं वर्णन लिहायचं. त्याला लागणारं ज्ञान, अंगावर असलेली जबाबदारी, हातून काही बिघडलं तर होणारं नुकसान, यांना गुण द्यायचे. मग तशाच कामाला इतर कंपन्या काय देतात त्याची पाहणी विकत घ्यायची आणि साधारण मधला आकडा धरायचा. या आकड्याला आम्ही 'फेअर मार्केट सॅलरी' म्हणतो. त्यातलं 'मार्केट' मला समजतं. 'फेअर' या शब्दाने मात्र मला बरीच वर्षं छळलं आहे, आणि त्यावर विचार करायला ऑफिसपेक्षा हॉकीने मला जास्त मदत केली असं म्हटलं तर तुम्ही हसाल.

हॉकी म्हणजे आपली ध्यानचंदांची नव्हे, बर्फावरची. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मला टीव्हीवर तो काळा पक कुठे आहे हेच दिसत नसे. मग मुलगी शाळेत जायला लागली, मैत्रिणींच्या मागे रिंकवर जायला लागली, आणि घरात हॉकी आली ती कायमची. पगारांचा विचार करायला हा खेळ सोयीचा आहे, कारण एनएचएलमधल्या प्रत्येक खेळाडूचा पगार सगळ्या जगाला माहीत असतो. माझ्या ऑफिसात शेजारशेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या दोघांना एकमेकांचा पगार ठाऊक नसतो, आणि वर्षानुवर्षं तो ठाऊक होऊ नये अशीच व्यवस्था असते.

हॉकीतही हे पूर्वी असंच होतं. गॉर्डी हाउ हा डेट्रॉइटचा दैवत मानला गेलेला खेळाडू. वीस वर्षांहून अधिक काळ तो तिथे खेळला, आणि सर्वात जास्त पगार आपल्यालाच मिळतो अशी त्याची समजूत करून देण्यात आली होती. १९६८ मध्ये बॉबी बॉन नावाचा खेळाडू त्या संघात आला आणि त्याने हाउला सांगितलं, की बाबा रे, मला तुझ्यापेक्षा जास्त मिळतात! हाउने जाऊन एक लाख डॉलर मागितले, आणि ते मिळाले. न खळखळता मिळाले, हेच त्याला लागलं असणार. पुढे १९८९-९० च्या हंगामात खेळाडूंच्या संघटनेने सगळ्यांचे पगार उघड केले, आणि त्यानंतर ते भराभर वाढत गेले. त्या हिवाळ्यात कुणी अचानक चांगलं खेळायला लागलं होतं असं नाही.

आता आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एका संघाचा हिशोब मांडू. २०२५-२६ च्या हंगामात प्रत्येक संघाला पगारांसाठी जास्तीत जास्त ९ कोटी ५५ लाख अमेरिकन डॉलर खर्च करायची परवानगी होती. यालाच सॅलरी कॅप म्हणतात. संघात तेवीस खेळाडू, म्हणजे सरासरी साधारण साडेएक्केचाळीस लाख. पण सरासरीला कुणीच नसतो. सामन्याला वीस जण कपडे चढवतात. तीन-तीन फॉरवर्डच्या चार ओळी (इथे 'लाइन' म्हणतात), दोन-दोन डिफेन्समनच्या तीन जोड्या, आणि दोन गोलकीपर, त्यातला एक बाकावर. पहिल्या ओळीचा सेंटर हा सर्वात महाग. त्याला कॅपच्या दहा ते तेरा टक्के धरा. पहिल्या जोडीतला उत्तम डिफेन्समन नऊ-दहा टक्के. चांगला विंगर सात-आठ. तिसऱ्या ओळीपर्यंत आलात की तीन-चार टक्के, आणि चौथ्या ओळीतल्या तिघांना एकेक टक्का. हा माझा ढोबळ अंदाज, पण फार चुकायचा नाही. त्या हंगामात किमान पगार होता ७ लाख ७५ हजार, म्हणजे कॅपच्या एका टक्क्याच्याही आत. एका खेळाडूला वीस टक्क्यांहून जास्त देता येत नाहीत, असाही नियम आहे.

विंगरपेक्षा सेंटर महाग का? कारण त्याला दोन्ही टोकांना खेळावं लागतं, प्रत्येक डावाच्या सुरुवातीला पक जिंकावा लागतो, आणि हे सगळं जमणारे फार थोडे असतात. विंगरचं काम कमी महत्त्वाचं आहे म्हणून नव्हे. ते करू शकणारे जास्त आहेत म्हणून. बाजार कामाचं महत्त्व मोजत नाही. हा माणूस गेला तर याच्या जागी दुसरा कितीला मिळेल, एवढंच मोजतो. हिरा आणि पाण्याचं कोडं अॅडम स्मिथने अडीचशे वर्षांपूर्वी मांडलं होतं, ते हेच.

गोलकीपरचं उदाहरण घ्या. इथे त्याला सगळे 'गोली' म्हणतात. एका रात्रीत सामना जिंकून देणं किंवा घालवणं त्याच्याइतकं कुणाच्याच हातात नसतं. असं असून सर्वात महाग गोलीला, इगोर शेस्टरकिनला, २०२५-२६ पासून वर्षाला १ कोटी १५ लाख मिळतात, आणि सर्वात महाग फॉरवर्डला त्याहून बरेच जास्त. कारण गोलीचा भरवसा देता येत नाही. मॉन्ट्रियलच्या केरी प्राइसशी २०१७ मध्ये आठ वर्षांचा करार झाला, वर्षाला १ कोटी ५ लाखांचा. २०२१ मध्ये त्याने संघाला स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं. मग गुडघ्याने दगा दिला, २०२१-२२ मध्ये तो फक्त पाच सामने खेळला, आणि नंतर बर्फावर उतरलाच नाही. करार मात्र चालू राहिला.

आणि दुसरं टोक. २२ फेब्रुवारी २०२० ला इथे टोरांटोत मेपल लीफ्सविरुद्ध कॅरोलायनाचा सामना होता. कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले. अशा वेळी कुठल्याही संघाला उपयोगी पडावा म्हणून यजमान मैदानावर एक हौशी गोली हजर ठेवायची पद्धत होती. त्या रात्री तो होता डेव्हिड आयर्स, वय ४२, रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारं झॅम्बोनी यंत्र चालवलेला माणूस. आईने दिलेलं मूत्रपिंड पोटात घेऊन तो उतरला. पहिले दोन फटके आत गेले. पुढचे आठही त्याने अडवले, आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकलं. त्याला मिळाले पाचशे डॉलर आणि अंगातली जर्सी. त्या रात्री पाचशे डॉलर हा रास्त भाव होता का? आमच्या पाहणीच्या पद्धतीने, हो. ते काम पाचशेत, किंबहुना फुकटातही, आनंदाने करायला गावोगावी माणसं तयार आहेत. टोरांटोच्या चाहत्यांना विचाराल तर त्यांचं मत निराळं पडेल.

बाजाराने ठरवलेला भाव न्याय्य असतो का, यावर विसाव्या शतकात दोन अमेरिकन तत्त्वज्ञांनी मोठा वाद घातला. रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये उदाहरण दिलं ते बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलिनचं. समजा, प्रत्येक प्रेक्षक तिकिटातले पंचवीस सेंट खुशीने त्याच्यासाठी वेगळे टाकतो. दहा लाख लोक आले, चेंबरलिन अडीच लाखांचा धनी झाला. कुणावर जबरदस्ती झाली नाही, कुणाला फसवलं नाही. मग यात अन्याय कुठे आला? त्याच्या आधी, १९७१ मध्ये, जॉन रॉल्सने दुसरी बाजू मांडली होती. अंगचे गुण ही कुणाची कमाई नव्हे. कुणाच्या वाट्याला काय येईल ते जन्माच्या सोडतीवर ठरतं, आणि कष्ट करायची वृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी घराकडून मिळते. कॉनर मॅकडेव्हिड आमच्या घरापासून तासाभरावर, न्यूमार्केटमध्ये वाढला. त्याच गुडघ्यांचा आणि त्याच नजरेचा मुलगा सोलापुरात जन्मला असता तर? फार तर कबड्डीच्या मैदानात चमकला असता.

मला दोघांचंही पटतं, पण दोघांच्याही हिशोबात हॉकी नीट बसत नाही. नोझिकच्या गोष्टीत प्रेक्षक आणि खेळाडू समोरासमोर आहेत, मध्ये कुणी नाही. एनएचएलमध्ये मध्ये सगळंच आहे. २००४-०५ चा आख्खा हंगाम टाळेबंदीत गेला, त्यातून कॅप आली. २०१३ पासून खेळाच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंना आणि निम्मा मालकांना, असा करार आहे. म्हणजे खेळाडूंच्या ताटात एकूण किती वाढायचं ते आधीच ठरलं. आता एकाने जास्त घेतलं तर ते मालकाच्या खिशातून येत नाही, शेजाऱ्याच्या ताटातून येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मिनेसोटाच्या किरिल कप्रिझोव्हने वर्षाला १ कोटी ७० लाखांचा, आठ वर्षांचा करार केला. आठवड्याभरात मॅकडेव्हिडने एडमंटनशी दोन वर्षांचा करार केला, तो आपल्या जुन्याच दराने, १ कोटी २५ लाखांना. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूने भाव वाढवून घेतला नाही! वाचल्यावर मला प्रथम कौतुक वाटलं. मग धंद्याची सवय जागी झाली. त्याने सोडलेले पैसे संघात दुसरा चांगला खेळाडू आणायला उपयोगी पडतील, कप जिंकायची शक्यता वाढेल. तेव्हा हा त्यागही आहे आणि खरेदीही. पण त्याची दुसरी बाजू अशी, की त्याच्यापेक्षा कमी दर्जाच्या सेंटरने उद्या जास्त मागितले तर समोरचा म्हणणार, मॅकडेव्हिडला एवढे मिळतात, तू कोण? मोठ्याने हात आखडता घेतला की त्याची सावली लहानांवर पडते. खेळाडूंच्या संघटनेला अशा औदार्याची धास्ती का वाटत असेल ते मला कळतं.

आणि हाच मॅकडेव्हिड २०१६-१७ मध्ये, विसाव्या वर्षी, शंभर गुण करून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याचा मूळ पगार किती होता? ९ लाख २५ हजार, बोनस वेगळा. अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये ज्या संघाने नाव पुकारलं त्याच्याशीच करार करायचा, पहिली तीन वर्षं पगाराला ठरलेली मर्यादा, आणि मनाला येईल त्या संघाकडे जायची मोकळीक साधारण सात हंगामांनी किंवा वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. याला बाजार म्हणायचं तर म्हणा, पण कुंपण घातलेला बाजार.

मला इथे नेहमी आपला गावगाडा आठवतो. बलुतेदारांच्या तीन ओळी असत, थोरली, मधली आणि धाकटी, आणि खळ्यावर धान्याचा वाटा त्या ओळीप्रमाणे पडे. शब्दसुद्धा तोच, ओळ! सुताराला किती, परटाला किती, सगळं रिवाजाने ठरलेलं. काही लोक त्याचं गुणगान करतात, की प्रत्येकाला वाटा होता, कुणी उपाशी नव्हता. पण काम जन्माने गळ्यात पडलेलं, आणि मला शेजारच्या गावात जास्त मिळतं असं म्हणून चालू पडायची सोय नाही, तिथे वाटा रास्त की अपुरा हे ठरवायचं कुणी आणि कशावरून? चौथ्या ओळीतला हॉकीपटू निदान तिसऱ्या ओळीत जायची आशा धरू शकतो. घोडं पेंड खातं ते इथे. आकडा मोठा की लहान याने माझं समाधान होत नाही. माणसाला आकडे माहीत आहेत का, आणि 'नको' म्हणून उठून जाता येतं का, हे मी आधी बघते.

या खेळात न्यायाच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट मला लवादाची वाटते. काही वर्षं खेळलेला पण अजून मोकळा न झालेला खेळाडू आणि संघ यांचं जमलं नाही, तर दोघेही आपापला आकडा घेऊन त्रयस्थ लवादासमोर बसतात. तिथे काय बोलायचं याचे नियम वाचण्यासारखे आहेत. किती सामने खेळला, काय केलं, संघाच्या यशात हातभार किती, त्याच्यासारख्याच परिस्थितीतल्या खेळाडूंना काय मिळतं, हे बोलायचं. वर्तमानपत्रातली कात्रणं, चित्रफिती, प्रशस्तिपत्रं, संघाची आर्थिक ओढाताण, हे काढायचं नाही. 'सध्या कंपनीची परिस्थिती जरा कठीण आहे' हे वाक्य तिथे चालत नाही! आपल्यापैकी किती जणांनी हे वाक्य ऐकून मान डोलावली असेल. अर्थात लवादातही खुर्ची आणि माणूस वेगळे ठेवणं जमतंच असं नाही. १९९७ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सच्या गोली टॉमी सालोला आपल्याच संघाने वाचलेला उणिवांचा पाढा ऐकून रडू कोसळलं, ही गोष्ट हॉकीत अजून सांगतात.

आता जे सांगायचं आहे त्याने माझी झोप खरोखर उडाली होती. चौथ्या ओळीत पूर्वी एक विशेष जागा असे, एन्फोर्सरची. म्हणजे मारामारी करणारा. आपल्या सेंटरला कुणी धक्का दिला की याने हातमोजे टाकायचे आणि समोरच्या पैलवानाशी भिडायचं. डेरेक बूगार्ड हा त्यातला सर्वात धाक असलेला. २७७ सामन्यांत त्याचे गोल तीन. २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलर देऊ केले. माझ्या पद्धतीने पाहिलं तर भाव बरोबर होता: काम दुर्मिळ, करणारे थोडे, मागणी भरपूर, इतर संघांचे आकडेही त्याच सुमाराचे. त्याने राजीखुशीने सही केली. नोझिकला विचारलं असतं तर तोही हरकत घेता ना. मे २०११ मध्ये वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांच्या मिश्रणाने तो गेला, वय २८. बॉस्टनच्या डॉक्टरांनी मेंदू तपासला तेव्हा डोक्यावर वर्षानुवर्षं मार खाल्ल्याने होणारा सीटीई हा विकार त्यात चांगलाच पसरलेला दिसला.

आमच्या तक्त्यात 'धोका' असा एक रकाना असतो. खाणीत, उंचावर, विजेच्या तारांवर काम करणाऱ्याला त्यात जास्त गुण मिळतात आणि पगार थोडा वाढतो. बूगार्डच्या खुर्चीला मी त्या रकान्यात किती गुण दिले असते? कितीही दिले तरी उत्तर पैशातच आलं असतं. ही खुर्ची असावी का, असा प्रश्न तक्त्यात कुठेच नाही, आणि तो प्रश्न विचारायला आम्हाला कुणी नेमलेलंही नाही. पुढे खेळ वेगवान झाला, चौथ्या ओळीकडूनही धावण्याची अपेक्षा होऊ लागली, आणि ती जागा हळूहळू जवळपास नाहीशी झाली. ती बाजारानेच घालवली हे खरं. लाज वाटून घालवली असं मात्र म्हणता येणार नाही.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि गोली आहे. तिने एकदा विचारलं, "आई, बायकांच्या लीगमध्ये गोलीला किती मिळतात?" मी सांगितलं. पीडब्ल्यूएचएल ही बायकांची लीग १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, पहिला सामना इथेच टोरांटोत. पहिल्या हंगामात किमान पगार ३५ हजार डॉलर, संघाची सरासरी ५५ हजार, आणि प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८० हजार. त्याच हंगामात पुरुषांचा किमान पगार ७ लाख ७५ हजार. बावीस पट. बर्फ तोच, पक तोच. तिने पुढे काही विचारलं नाही, नुसती बघत राहिली. ते जास्त अवघड गेलं.

बाजाराचं उत्तर मला तोंडपाठ आहे: उत्पन्न नाही तर पगार कुठून? हे उत्तर खोटं नाही, आणि उद्या दोन्ही पगार सारखे करा असं मी म्हणणारही नाही. पण उत्पन्न हे पावसासारखं आभाळातून पडत नाही. पुरुषांची लीग १९१७ ची. शंभर वर्षं त्यांना मैदानं मिळाली, रेडिओ मिळाला, टीव्ही मिळाला, आणि शनिवारची रात्र मिळाली. प्रेक्षक असे घडवावे लागतात. एप्रिल २०२४ मध्ये मॉन्ट्रियलला बायकांच्या एका सामन्याला २१,१०५ लोक आले, तेव्हा 'कुणी बघत नाही' हे निदान निसर्गनियमासारखं सांगायची सोय राहिली नाही.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. १९५७ मध्ये टेड लिंडसेने पुरुष खेळाडूंची संघटना उभारायचा प्रयत्न केला, तर डेट्रॉइटने त्याला उचलून शिकागोला पाठवून दिलं. संघटना टिकली ती १९६७ पासूनची, आणि तिच्या पहिल्या प्रमुखाला, अॅलन ईगलसनला, पुढे १९९८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यांत तुरुंगात जावं लागलं. बायकांनी क्रम उलटा धरला. त्यांचा संघटनेमार्फत झालेला करार २०२३ च्या उन्हाळ्यात, पहिला पक पडायच्या आधीच, सह्यांनिशी तयार होता, २०३१ पर्यंतचा. पगार लहान आहेत, पण ते टेबलावर बसून ठरले आहेत.

आम्हा पगारवाल्यांच्या जगातही थोडं हलतं आहे. ऑन्टॅरिओत १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त नोकरदार असलेल्या कंपनीला जाहिरातीत पगाराचा पल्ला छापावा लागतो, आणि 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स हवा' असं लिहिता येत नाही. या दुसऱ्या कलमाचं मोल आपल्या मंडळातल्या जुन्या लोकांना सांगायला नको. पुण्यामुंबईची पदवी आणि दहा वर्षांचा अनुभव घेऊन आलेली माणसं इथे गोदामात खोकी उचलत होती, आणि तो त्यांचा 'बाजारभाव' होता. बातमी वाचून माझ्या एका वयस्कर स्नेह्यांनी फोन केला, "ताई, आता माझ्या काय उपयोगाचं? पण धाकट्या पुतण्याला सांगतो."

मुलीने अजून गोलीची जागा सोडलेली नाही. तिला ती आवडते, कारण सगळ्यांच्या मागे उभं राहून आख्खा खेळ दिसतो म्हणते. दरवर्षी उंची वाढते, दरवर्षी पायांची पॅड्स बदलावी लागतात, आणि गोलीची पॅड्स हा या खेळातला सर्वात महाग सरंजाम. आमच्या घरी सध्या गोलीच्या जागेचा भाव असा उलट्या दिशेने वाहतो आहे, आणि तो देणारे आम्ही दोघं आहोत.